पाणी कुठं मुरतंय? कृष्णाकाठच्या एका महादेवाच्या देवळाचं प्रकरण

पाऊस थांबून चार दिवस झाले होते. अंगणातले पेव्हर ब्लॉक खडखडीत वाळले होते, वळचणीला टिपूसही नव्हता, आणि गाभाऱ्यात पिंडीवर थेंब पडतच होता. मी मोबाईलवर मिनिट लावून मोजलं. अकरा थेंब. गुरवतात्या शेजारी उभे होते. म्हणाले, "पहिल्या वर्षी बायका म्हनल्या गंगा आली. हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या वर्षी म्या पितळी तांब्या धरला, तर पानी गढूळ. गंगा असली तरी चुना खाऊन आल्याली."

ऑगस्ट २०२३ मधली ही गोष्ट. गाव सातारा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं, शहरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. नाव घालत नाही. गावातलं भांडण नुकतंच निवळलंय, आणि सरपंचताईंनी सुरुवातीलाच ती अट घातली होती. मी व्यवसायानं सिव्हिल इंजिनिअर. बंगले, गोठे, सोसायट्या यांवर पोट भरतो. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं शिक्षण नंतर घेतलं आणि त्याचा नाद लागला. नाद म्हणायचं कारण त्यात पैसे मिळत नाहीत, हे घरच्यांचं मत, आणि ते बरोबर आहे.

देऊळ

गाभारा आणि अंतराळ (गाभाऱ्याच्या पुढची लहान खोली) काळ्या दगडाचा, चुन्याशिवाय रचलेला. दगडावर दगड, खाचेत खाच, वजनावर सगळं उभं. गावात त्याला अर्थातच हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. आपल्याकडे बिनचुन्याचं कुठलंही दगडी देऊळ त्याच्या नावावर चढतं. मी त्यावर वाद घालत नाही. गाभाऱ्याच्या वर मात्र शिखर आहे विटा आणि चुन्याचं, कोनाड्या-कोनाड्यांचं, कोनाड्यांत चुन्यातच घडवलेल्या लहान मूर्ती. हे काम उघडच मराठेशाहीतलं, साताऱ्यात शाहू महाराजांची राजधानी वसल्यानंतरच्या काळातलं. पुढचा सभामंडप लाकडी खांबांचा, वर कौलं, तो आणखी अलीकडचा. म्हणजे एका देवळात तीन काळ एकमेकांच्या खांद्यावर बसलेले, आणि तिघांची पाण्याशी वागण्याची तऱ्हा वेगळी. या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत इथंच आहे.

नव्वदच्या दशकात देवळाचा 'जीर्णोद्धार' झाला. शिखरावर सिमेंटचा गिलावा. गाभाऱ्यात आत-बाहेर ऑइलपेंट, आधी लिंबू कलर, मग गुलाबी, मग रुपेरी. जमिनीला चकचकीत टाइल्स. पैसा मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत कामाला गेलेल्या गावकऱ्यांचा. या मंडळातली निम्मी माणसं माथाडी. पाठीवर गोण्या वाहून, चाळीतल्या खोलीत आठ-आठ जणांनी राहून वाचवलेला तो पैसा होता. शिखरावर त्यांनी सिमेंट लावलं ते देवाला चांगलं ते द्यावं म्हणून. स्वतःच्या गावाकडच्या घरालाही तेव्हा मातीचाच लिंपण होता. म्हणून त्या जीर्णोद्धाराला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, आणि बैठकांमध्ये शहरातून आलेले हौशी लोक ती ठेवायला लागले की माझं काम दुप्पट अवघड व्हायचं.

तीन तट

मी पोचलो तेव्हा गावात तीन मतं होती. मुंबई मंडळाला जुनं पाडून नवं बांधायचं होतं: आरसीसी, घुमट, समोर मोठा मंडप, कमान. नकाशाही तयार होता, कुठल्याशा दुसऱ्या गावच्या देवळाचा, वरचं नाव तेवढं बदललेलं. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते मनातून सरळ माणूस. "गळतंय ना? मग पाडायला काय हरकत? देव तोच राहणार की."

दुसरं मत गावातल्या तरुण पोरांचं. त्यांनी इतर ठिकाणची रंग काढलेली देवळं मोबाईलवर बघितली होती. त्यांना वाळूचा मारा करून, म्हणजे सँडब्लास्टिंगनं, दगड काळा कुळकुळीत करून हवा होता, वर वॉटरप्रूफिंगचं केमिकल. एका ठेकेदाराचं कोटेशनही त्यांच्याकडे होतं. तिसरं मत गुरवतात्यांचं, आणि ते एकट्याचं होतं: काहीच करू नका, पिंडीवर पत्रा धरा.

मला पोरांनी बोलावलं होतं, केमिकलवर शिक्का मारायला.

कायद्याचा धाक इथं नव्हता, हे आधी सांगायला हवं. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत महाराष्ट्रातली पावणेतीनशेवर ठिकाणं, राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली आणखी साडेतीनशेहून जास्त. अशा केंद्र-संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, ही केंद्राच्या कायद्यातली २०१० ची दुरुस्ती. पण दर दुसऱ्या गावात असलेलं असलं देऊळ कुठल्याच यादीत नसतं. जमीन देवस्थान इनाम वर्ग ३, म्हणजे देवाला इनाम दिलेली, वहिवाट गुरवांची, ट्रस्टची नोंद धर्मादाय कार्यालयात. देऊळ जुनं आहे म्हणून थांबा, असं सांगणारं कुणी नव्हतं. गावानं ठरवलं असतं तर सोमवारी जेसीबी आला असता. जे काही व्हायचं ते बोलून पटवूनच, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं.

थेंबाचा माग

चीर असेल तर पाऊस चालू असताना धार लागते आणि पाऊस थांबला की तासा-दोन तासांत थांबते. इथं चार दिवस थेंब चालू होता. याचा अर्थ वर कुठंतरी पाणी साठलेलं होतं आणि ते सावकाश उतरत होतं. शिडी लावून शिखरावर गेलो. सिमेंटच्या गिलाव्यावर केसांइतक्या बारीक चिरा, जाळीसारख्या. बोटानं ठोकलं की काही ठिकाणी भद्द आवाज, आत पोकळ. उत्तरेच्या कोनाड्यात पिंपळ, करंगळीएवढं खोड. वर एवढंसं दिसत असलं तरी मूळ आत कुठवर गेलंय त्याचा भरवसा नाही.

सिमेंट टणक आणि घट्ट असतं. त्याच्या मागची वीट आणि चुना मऊ. उन्हात दोघं वेगवेगळे फुगतात, हलतात, आणि टणक कवच तडकतं. तडीतून पावसाचं पाणी आत शिरतं, पण बाहेर वाळून जायला त्याला तेवढीच तड असते. मग ते विटांत साठतं, क्षार विरघळवतं, आणि खालच्या थंड, बंद गाभाऱ्यात उतरतं. तात्यांच्या तांब्यात आलेला गढूळपणा म्हणजे शिखराचाच चुना होता. बाहेरच्या दगडी भिंतींवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला होता, आणि तो नेमका जिथं ऑइलपेंट सुटला होता तिथंच. काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही. पण बिनचुन्याच्या भिंतीचे सांधे उघडे असतात, वारा त्यातून फिरतो. रंगानं ते सांधे बंद झाले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच निदान झालं असतं. निघताना तात्यांना सहज विचारलं, अभिषेकाचं पाणी कुठनं जातं? ते म्हणाले, बादलीनं काढतो. बाहेरून उत्तरेच्या भिंतीला दगडी गोमुख होतं, कोरडं ठाक, तोंडात गांधीलमाशांचं घर. आतून टाइल्स बसवताना त्याचं भोक बुजवलं गेलं होतं. बाहेरच्या अंगणातही चार वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसले, तेव्हा जुनी जमीन न खोदता वर भर टाकून बसवले. अंगण वीतभर उंच झालं, चौथऱ्याचा खालचा थर गाडला गेला, आणि आवाराचा उतार देवळाकडे वळला. पाणी वरून येत होतं, खालून येत होतं, आणि जायची वाट कुणीतरी बंद केली होती.

दगडाला वाळूचा मारा का नको, हे मात्र बोलून पटलं नसतं. ठेकेदाराला म्हटलं, आवारात पडलेल्या या एका घडीव दगडावर करून दाखवा. त्यानं हौसेनं दाखवलं. दगड काळाभोर झाला, पोरं खूश झाली. मग मी शेजारचा न मारलेला दगड ठेवला आणि त्यांना दोन्हीवरून हात फिरवायला सांगितला. एकावर पाथरवटाच्या टाकीचे तिरके घाव ओळीनं लागत होते. दुसरा सपाट, नुसता खरखरीत. कुणी काही बोललं नाही. त्यातला एक पोरगा नंतर रंग काढायच्या कामावर तीन महिने होता.

बोलेरोतली सहल

नोव्हेंबरात एका रविवारी मी समितीला फिरायला नेलं. सरपंचताई, तात्या, दादा (मुद्दाम मुंबईहून आलेले), दोन पोरं आणि मी. भाषणं देऊन काही होत नव्हतं. म्हटलं डोळ्यांनी बघू.

आधी लिंब गाव. बारा मोटेची विहीर सगळ्यांनी लहानपणी सहलीत बघितलेली, त्यामुळं कुणाला विशेष उत्साह नव्हता. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची. शिलालेखात शके १६४१ ते शके १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. दादांनी तो लेख दोनदा वाचला. "विहिरीला पाच वर्षं?" मग स्वतःच म्हणाले, "आपलं कंत्राट आठ महिन्यांचं हाय." विहिरीच्या पोटात जो महाल आहे, त्याच्या छतावर उभं राहून बारा मोटा चालायच्या. बैलांच्या येरझारा, भरलेल्या मोटांचं वजन, सांडणारं पाणी, आणि खाली खोल्या कोरड्या. तात्यांनी छताकडे बघून एकच प्रश्न विचारला: "हितं गळत न्हाई?"

मग वाई. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. भाविक पुढून जातात, दर्शन घेतात, परत फिरतात. मी सगळ्यांना मागच्या बाजूला नेलं. मागची भिंत सपाट नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली. पावसाळ्यात कृष्णा चढली की लोंढा देवळाला आडवा धडकत नाही, भिंतीवर फाटून दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून जास्त पावसाळे हे देऊळ नदीच्या तोंडाशी असं बसलेलं आहे. सरपंचताई पाण्याजवळ जाऊन भिंत बघून आल्या. म्हणाल्या, "म्हंजे नदी येनारच, हे त्यांनी आधीच धरलं हुतं."

मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जेवलो. वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या लहानशा घुमटीत टांगलेली आहे, १७०७ साल कोरलेली. पोरांनी तिच्याबरोबर फोटो काढले, घाटाकडे कुणी बघितलं नाही. परतताना माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थांबलो. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ च्या सुमाराचं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. पायऱ्यांवर बसल्यावर दादा पहिल्यांदा मोकळं बोलले.

त्यांचं म्हणणं असं. गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह होतो. माणसं हजारभर. सभामंडपात शंभर मावतात. बाकीचे उन्हात, बायका रस्त्याच्या कडेला, भंडाऱ्याचा स्वयंपाक कुणाच्यातरी गोठ्यात, आणि लांबून आलेल्या लेकीबाळींना संडासाची सोय नाही. "माझी आई मागल्या सप्त्यात उन्हानं चक्कर येऊन पडली," ते म्हणाले. "म्हनून मोठं देऊळ पायजे. गळतीचं निमित्त झालं."

मी तीन महिने थेंबाच्या मागं होतो आणि खरं पाणी इथं मुरत होतं. देऊळ पाडण्याचा आग्रह सावलीसाठी, जागेसाठी आणि दोन संडासांसाठी होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कुठलंही जुनं बांधकाम बघायला गेलो की आता पहिला प्रश्न मी भिंतीला विचारत नाही, तिथल्या बायकांना विचारतो.

घोंगडी

डिसेंबरच्या ग्रामसभेत प्रस्ताव मांडला. देवळाच्या दक्षिणेला देवस्थानचीच मोकळी जागा आहे, तिथं लोखंडी खांबांचा, पत्र्याचा मोठा मंडप, कडेला स्वयंपाकघर आणि संडास. मुंबई मंडळाचा पैसा तिकडं, मंडळाचं नाव तिकडं. देवळाला फक्त दुरुस्ती: सिमेंट काढणं, चुन्याचा गिलावा, रंग काढणं, गोमुख उघडणं.

पहिला भाग लगेच पटला. दुसऱ्यावर शंका आली. सिमेंटपेक्षा चुना पक्का कसा? मी कार्बन डायऑक्साइड वगैरे सांगायला लागलो आणि माणसं जांभया द्यायला लागली. तेव्हा मागं बसलेले एक म्हातारे उठले. माण तालुक्यातून मेंढरं घेऊन दरसाल या बाजूला येतात, म्हणून सभेत बसलेले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून दाखवली. "ही पावसात भिजती. वरनं वली हुती, आतनं म्या कोरडा. उनात टाकली की वाळली. रेनकोट घाला, आतनं घामानं चिंब. अन् फाटला की पानी आत जातंय ते बाहीर येत न्हाई." बसले. ठराव मंजूर झाला. त्यानंतर कुठल्याही बैठकीत मी चुन्याबद्दल तीच गोष्ट सांगतो, त्यांचं श्रेय देऊन.

पहिला हात, आणि माझी चूक

८ मार्च २०२४ ला महाशिवरात्र होती. यात्रेच्या आधी परांची बांधायची नाही, असं ठरलेलं. म्हणून काम सुरू झालं मार्चच्या मध्यावर, म्हणजे अगदी चुकीच्या वेळी. हे मला माहीत होतं.

छिन्नी-हातोडीनं सिमेंट सुटत गेलं. ब्रेकर मशीन मी लावू दिलं नाही. आतली वीट एवढी ओली होती की बोटानं माती निघत होती. मार्चमध्ये, शेवटचा पाऊस होऊन पाच महिने झाल्यावर. पिंपळाचं मूळ हातभर आत निघालं.

चुना नीट करायचा तर कळीचा चुना आणून खड्ड्यात पाण्याखाली विझवायचा आणि किमान महिनाभर, खरं तर तीन-चार महिने मुरू द्यायचा. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजलेली ती कळी पाण्यात टाकली की उकळते, फसफसते, आणि मग वरवर शांत दिसते. पण प्रत्येक खडा आतपर्यंत विझलेला नसतो. आम्ही तो नऊ दिवस ठेवला. गवंडी सांगत होते, झाला साहेब. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, ७ मे च्या मतदानाआधी मजूर घरी जाणार होते. पुढं वळीव दिसत होता. मी हो म्हणालो. दोष गवंड्यांचा नाही.

एप्रिलच्या शेवटी गिलाव्यावर फुटाणे उठले. न विझलेला एकेक खडा भिंतीत बसल्यावर हवेतली ओल घेतो, फुगतो आणि वरचा थर उडवतो. पोळीवर फोड यावेत तसा शिखराचा दर्शनी भाग झाला. वर एप्रिलचं ऊन. गिलावा आठवडाभर तरी गोणपाटानं ओला ठेवायचा असतो. पाणी घालायला ठेवलेला माणूस लग्नसराईत गेला. चिरा पडल्या. उरलेली पश्चिमेची बाजू मे महिन्यातल्या वळवानं धुऊन नेली, अंगणात पांढरं पाणी वाहिलं.

तो सगळा पावसाळा शिखर निळ्या ताडपत्रीखाली होतं. येणारा-जाणारा विचारायचा. दादांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "साहेब, आमच्या सिमेंटनं तीस वर्सं काढली. तुमच्या चुन्यानं तीस दिवस."

दुसरा हात

जुलैत नवा खड्डा खणला. कळी आणली, विझवली, वर वीतभर पाणी ठेवून झाकली आणि दिवाळीपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं ठरवलं. या वेळी कोरेगावच्या बाजूचे एक सत्तरी ओलांडलेले गवंडी मिळाले. लहानपणी वडिलांबरोबर चुन्याच्या घाणीवर बैल हाकलेले. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाखाली चुना आणि वाळू; तो आवाज त्यांच्या अजून कानात होता. दिवाळीनंतर खड्डा उघडला तेव्हा त्यांनी चुना अंगठ्यानं चोळून बघितला, एक कण लागत नाही ना. "लोणी झालं," म्हणाले.

एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे विटांचा चुरा. त्यानं चुना ओलाव्यातही धरतो. नदीची वाळू मिळवणं हल्ली सोन्याइतकं अवघड, म्हणून खडीचा चुरा तीनदा धुऊन वापरला. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी (हिरडा जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात मुबलक), आणि बेलफळाचा गर. बेलफळं देवळाच्या आवारातलीच. गर किती, गूळ किती, याला त्यांच्याकडे माप नव्हतं, बोट बुडवून सांगायचे. मी वहीत लिहून घेतलं, पण दोन दिवसांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

तीन पातळ थर दिले. प्रत्येक थर लाकडी थापीनं बडवलेला, गोणपाटानं झाकलेला, थंडीच्या दिवसात सावकाश वाळलेला. शेवटचा हात नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटला. नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली, विधानसभेची, पुन्हा मजूर गेले. या वेळी आम्ही थांबलो. चुना खड्ड्यात पाण्याखाली होता, त्याला घाई नव्हती.

दगडावरचा रंग पेंट रिमूव्हर लावून, बांबूच्या सळ्या आणि नायलॉनचे ब्रश घेऊन काढला. रुपेरी, गुलाबी, लिंबू, असा एकेक काळ उलटा निघाला. नक्षीच्या खोल खाचांत थोडा रंग राहिला. तो ओढून काढण्यापेक्षा राहू दिला.

जानेवारीत टाइल्स उचलल्या. गाभाऱ्याची जुनी फरशी उत्तरेकडे अलगद उतरती निघाली, थेट गोमुखाच्या भोकापर्यंत. ते मोकळं केलं, गांधीलमाश्यांची क्षमा मागून. पण गावाला वेड लावलं ते सभामंडपाच्या फरशीनं. दाराशेजारच्या एका दगडावर कुणीतरी कधीकाळी पट कोरलेला होता, रेघांचा, तिरक्या छेदांचा. मी त्याला नाव द्यायला तोंड उघडण्याआधी एका आजी खाली बसल्या. "वाघबकरी ही. आमी शेनानं सारवल्याल्या अंगणात खेळायचो." चिंचोके आणि खडे आले. संध्याकाळपर्यंत आजी आणि तिची नात खेळत होत्या, भोवती पन्नास माणसं. मी शिखराच्या कोनाड्यातल्या मूर्तींचं कौतुक सांगत होतो, तिकडं कुणी ढुंकून बघेना. त्या दिवसानंतर पुन्हा टाइल्स बसवू, असं कुणी म्हणालं नाही.

सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला असेल तर पेव्हर ब्लॉकला. ते सार्वजनिक निधीतले, मोजमाप पुस्तकात चढलेले. देवळाभोवतीची फक्त दोन फुटांची पट्टी काढून तिथं चर खणायचा, त्यात खडी भरायची. काम दीड दिवसाचं, कागद तीन महिन्यांचा. सरपंचताईंनी तो पाठपुरावा केला नसता तर माझ्याच्यानं झाला नसता. अंगणाचा उतार अजून तसाच उलटा आहे, पण पाणी आता भिंतीला लागण्याआधी चरात जातं.

२०२५ ला पावसानं वाट बघायला लावली नाही. मे महिनाभर वळीव कोसळला, आणि २६ मे ला तर मान्सून मुंबईत पोचला होता, इतक्या लवकर की मंडपाचे पत्रेही चढले नव्हते. तात्यांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या साइटवर होतो. "गोमुखातनं पानी याया लागलंय. म्या तीस वर्सांत पहिल्यांदा बघतुया." आणि वरनं? "पिंडीवर न्हाई." पुढं थोडं थांबून, "पर कोपऱ्यात हाय."

जुलैत प्रतापगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्याची बातमी आली. दादांनी गावाच्या ग्रुपवर ती टाकली, खाली लिहिलं, "आता आपला नंबर." हसणारे बाहुले पडले. मग त्यांनी वेगळा मेसेज टाकला: मृगाच्या आधी शिखर बघायची, पिंपळाचं रोप उपटायची आणि गोमुख साफ करायची पाळी भावकीवार लावली आहे, पहिली पाळी आमची.

आग्नेय कोपऱ्यातला थेंब ऑगस्टमध्ये जाऊन बघितला. मिनिटाला एक, कधी दोन. पाऊस थांबला की तीन तासांत थांबतो, म्हणजे ही चीर आहे, साठवण नाही. शिखर आणि सभामंडपाचं कौल जिथं भेटतं तिथं कुठंतरी. परांचीशिवाय कळणार नाही. तात्यांनी खाली तोच पितळी तांब्या ठेवलाय. पाणी स्वच्छ आहे, मी हातावर घेऊन बघितलं.